किती अंतर, कुठली काठी

आमच्या राहात्यात अंतर सांगायची एक खास पद्धत आहे. नगरच्या बाजूनं पायी येणारे साईबाबांचे पदयात्री गावात शिरले, की रस्त्याकडेला जो दिसेल त्याला विचारतात, "शिर्डी किती राहिली हो?" शिर्डी इथून जेमतेम पाच-सहा किलोमीटर. पण चार-पाच दिवस चालून पायाला फोड आलेल्या माणसाला आकडा ऐकवणं राहातेकराच्या जिवावर येतं. तो म्हणतो, "आलीच की! ही काय!" आणि हात असा काही लांब करतो की जणू समोरच्या पिठाच्या गिरणीमागंच देवळाचा कळस असावा. पदयात्री खूश होऊन चालू लागतो. अर्ध्या तासानं तो आणखी कुणाला तरी विचारतो. तोही म्हणतो, "आलीच की!" अशा तीन-चार 'आलीच की'च्या जोरावर शिर्डी खरोखरच येते.

आता हे खोटं बोलणं झालं का? मी स्वतः लहानपणापासून शेकडो पदयात्रींना 'आलीच की' म्हटलेलं आहे आणि त्याबद्दल मला कधी पश्चात्ताप झालेला नाही. उलट पुण्यच पदरात पडलं असेल, असा माझा हिशेब होता. पण गेल्या वर्षी एक घड्याळ माझ्या आयुष्यात आलं आणि हा हिशेब जुळेनासा झाला. हिशेब न जुळणं ही गोष्ट मला सोसत नाही. मी बी.कॉम. आहे (सेकंड क्लास), आणि गेली वीस वर्षं बँकेत क्लार्क आहे. माझ्या दृष्टीनं जगात दोनच प्रकारच्या गोष्टी असतात. टॅली होणाऱ्या आणि टॅली न होणाऱ्या.

घड्याळ माझ्या भाच्याचं. तो पुण्याला कॉम्प्युटरमध्ये आहे. 'कॉम्प्युटरमध्ये आहे' म्हणजे नेमकं काय करतो हे त्याच्या आईलाही सांगता येत नाही, पण पगार आकडा ऐकूनच गप्प बसावं असा आहे. एवढा पगार मिळाला की माणसाला पाठदुखी तरी होते किंवा तो गोल्फ तरी खेळू लागतो. भाच्याला आधी पाठदुखी झाली आणि मग तो गोल्फ खेळू लागला. "मामा, एकदा बघायला तरी या," म्हणून तो मागं लागला. पुण्यातल्या हजारो लोकांना 'गोल्फ क्लब चौक' हा रिक्षावाल्याला सांगण्यापुरता ठाऊक असतो. त्या नावामागं येरवड्यात खरोखरचं गोल्फचं मैदान आहे, हे मला त्या दिवशी कळलं. आपल्या पुण्याचा उदयन माने २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये गोल्फ खेळून आला, हेही भाच्यानं गाडीतच सांगून टाकलं. म्हणजे हा खेळ फक्त साहेबांचा आहे असं मामानं तिथं चारचौघांत बोलू नये.

राहात्यात परतल्यावर मला गोल्फ म्हणजे काय हे बऱ्याच जणांना समजावून सांगावं लागलं. सर्वांत सोपं म्हणजे विटी नसलेला विटीदांडू. एक चेंडू, लिंबापेक्षा थोडा मोठा. तो काठीनं मारत मारत लांबवरच्या एका भोकात घालायचा. भोक सव्वाचार इंच रुंद. आमच्या बागेतला एक नंबरचा सरदार पेरू आत गेला तर गेला. अशी अठरा भोकं, आणि एकेक भोक शंभर-दीडशेपासून पाचशेच्या वर यार्डांपर्यंत लांब. ज्याला कमीत कमी टोले लागतील तो जिंकला. काठीला 'क्लब' म्हणतात. ज्या जागी खेळतात तिलाही क्लबच म्हणतात, त्यामुळं "क्लबात क्लब विसरलो" असं वाक्य तिथं कानावर आलं तरी दचकायचं कारण नाही. एका माणसाला जास्तीत जास्त चौदा काठ्या बाळगता येतात. काठ्यांना नंबर असतात. नंबर जितका लहान तितका चेंडू लांब. सरकारी नोकरीतल्या वर्गांसारखंच.

तर सगळी मेख आहे ती इथं. अंतर किती आणि त्याला काठी कुठली, एवढं कळलं की गोल्फ आला. (नंतर भाच्यानं मला सरावाच्या पट्टीवर उभं करून एक काठी हातात दिली. पाच वेळा मारल्यावर चेंडू जागेवर होता आणि तिथली हिरवळ बरीच पुढं गेली होती. म्हणजे एवढं कळूनही गोल्फ येत नाही. पण ते असो.)

अंतर कळावं म्हणून भाच्याच्या मनगटावर ते घड्याळ होतं. त्यात जगभरची गोल्फची मैदानं आधीच भरून ठेवलेली. आपण मैदानात कुठंही उभे राहिलो की ते तीन आकडे दाखवतं. भोकाभोवती जी कातरलेली हिरवळ असते तिची अलीकडची कड किती यार्डांवर, मध्य किती आणि पलीकडची कड किती. हे त्याला कळतं कसं, तर डोक्यावर सुमारे वीस हजार दोनशे किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांकडून. निदान चार उपग्रहांचे संदेश लागतात. प्रत्येक संदेश निघाला केव्हा आणि पोचला केव्हा यावरून अंतर निघतं. त्या उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज अडतीस मायक्रोसेकंद पुढं पळतात, आणि ती चूक आधीच वजा केली नाही तर एका दिवसात अकराएक किलोमीटरचा घोटाळा होईल, असं भाचा म्हणाला. आमच्या शाखेतलं भिंतीवरचं घड्याळ गेली सहा वर्षं सात मिनिटं पुढं आहे. त्यावर जर कुणी गोल्फ खेळला असता तर चेंडू बहुधा मंगळावर गेला असता.

आणखी एक गोष्ट त्यानं सांगितली ती माझ्या फार मनात बसली. ही जीपीएस व्यवस्था अमेरिकेच्या लष्करानं उभारलेली. तुमच्या-आमच्यासारख्या साध्या लोकांना जे संदेश मिळत, त्यात २ मे २००० पर्यंत अमेरिका मुद्दाम चूक मिसळत असे. शंभरएक मीटरपर्यंतची चूक! दूधवाला पाणी मिसळतो तशी. शत्रूला नेमका ठावठिकाणा कळू नये हा हेतू. २ मे २००० ला ती भेसळ बंद केली, आणि मग हे गोल्फचं घड्याळ शक्य झालं. कारण शंभर मीटरनं चुकणारं यंत्र गोल्फवाल्याच्या काय कामाचं? त्यापेक्षा आमचा राहातेकर बरा. तो निदान गोड तरी बोलतो.

नवव्या की दहाव्या भोकाला एक तळं आडवं आलं. भाच्यानं घड्याळ पाहिलं. "एकशे बावन्न. सात नंबर," असं म्हणून त्यानं सात नंबरची काठी काढली. त्याच्या काठ्यांची पिशवी वाहणारे एक कॅडी होते, साठीला आलेले, सगळे त्यांना मामा म्हणत होते. मामांनी घड्याळ पाहिलं नाही. त्यांनी पलीकडच्या झाडांचे शेंडे पाहिले, थोडं गवत उपटून हवेत सोडलं आणि म्हणाले, "सहा घ्या साहेब. वारा समोरून आहे." भाचा म्हणाला, "मामा, घड्याळ बरोबर एकशे बावन्न दाखवतंय." मामा म्हणाले, "दाखवत असंल की. मी कुठं नाही म्हणतो?"

भाच्यानं सात नंबरनं मारला. चेंडू फार सुंदर गेला आणि बरोबर काठाशी पाण्यात पडला.

मी भाच्याची समजूत काढायची म्हणून म्हणालो, "अरे, घड्याळच चुकलं असेल." त्यावर तो जे बोलला ते मी विसरणार नाही. तो खिन्न चेहऱ्यानं म्हणाला, "नाही मामा, घड्याळ बरोबर होतं. हाच तर त्रास आहे."

परत येताना मी त्याला विचारलं, "हे घड्याळ वापरणं म्हणजे एक प्रकारची कॉपीच नाही का रे?" मला आमचा विटीदांडू आठवत होता. आमच्या आळीत नियम असा होता, की टोला बसल्यावर मारणाऱ्यानं आपल्या अंदाजानं दांडू मागायचे. "साठ दांडू!" समोरच्यांना पटलं तर त्यांनी साठ द्यायचे. नाही पटलं तर मोजायचं, आणि मोजल्यावर एकोणसाठच भरले तर गडी बाद. म्हणजे नजरेनं अंतर ओळखणं हाच निम्मा खेळ होता. तिथं कुणी मनगटावरच्या घड्याळात बघून "अठ्ठावन्न दांडू" म्हणाला असता, तर आम्ही त्याला त्याच दांडूनं मारलं असतं.

भाचा म्हणाला, हा वाद गोल्फवाल्यांतही बरीच वर्षं चालला. २००६ पासून ज्या त्या मैदानाच्या स्थानिक नियमानं असं यंत्र चालवून घेता येऊ लागलं, आणि २०१९ च्या नियमांत ते सगळीकडंच चालेल असं ठरलं. ज्यांना नको त्यांनी तशी बंदी घालावी. अमेरिकेतली पीजीए चँपियनशिप ही मोठी स्पर्धा, तिथं २०२१ मध्ये पहिल्यांदा अंतर मोजायची यंत्रं चालू दिली, आणि त्या वर्षी ती जिंकली कुणी? फिल मिकेल्सननं, वयाच्या पन्नासाव्या वर्षी. (हे ऐकून चाळिशी ओलांडलेला मी उगाचच ताठ बसलो.) मात्र नियमानं एक रेघ ओढून ठेवलेली आहे. यंत्रानं अंतर सांगावं. चढ-उतार मोजून देऊ नये आणि 'सात नंबर घे, सहा नंबर घे' असं तर मुळीच सांगू नये. आणि गंमत म्हणजे कॅडीला मात्र हे सगळं सांगायला मुभा आहे. सल्ला मागायचा तर खेळाडूनं आपल्या कॅडीकडं मागावा.

मला हा नियम एकदम पटला. इतका शहाणा नियम आमच्या बँकेच्या परिपत्रकांतही मी पाहिलेला नाही. किती, हे यंत्राला विचारा. काय करू, हे यंत्राला विचारायचं नाही. ते ज्याचं त्यानं ठरवायचं, फार तर शेजारी उभ्या असलेल्या माणसाला विचारून. आणि चेंडू पाण्यात पडला तर 'मला अंतर कमी वाटलं' ही जी माणसाची पिढ्यान् पिढ्यांची आवडती सबब, तेवढी मात्र त्या घड्याळानं कायमची काढून घेतली. लोक म्हणतात यंत्रानं खेळ सोपा झाला. मला वाटतं अवघड झाला.

पुण्याहून मी हा असा तत्त्वज्ञ होऊन परतलो. भाच्यानं त्याचं जुनं घड्याळही मला देऊन टाकलं होतं. राहात्यात ते चालू केलं की ते बिचारं जवळपासचं गोल्फ मैदान शोधायला लागे आणि थोड्या वेळानं गप्प बसे. आठवडेबाजार उठल्यावर आमच्याकडं मोकळं मैदान भरपूर असतं, पण ते त्याच्या यादीत नव्हतं.

तत्त्वज्ञान हे पुण्याला ऐकायला बरं असतं. राहात्याला ते अंगावर येतं. कसं ते सांगतो.

आमची पेरूची बाग आहे. फार मोठी नाही, पण वडिलांनी हातानं लावलेली. तिला लागून चुलतभावाची, म्हणजे आमच्या दादाची बाग. मध्ये बांध. बांधाला लागून आमच्या बाजूला तेरा झाडांची एक ओळ आहे, आणि अख्ख्या बागेत गोड पेरू त्या ओळीचे. आमच्या बँकेत खातं असलेला एक मुलगा खासगी मोजणीची कामं करतो. त्याच्याकडं 'रोव्हर' नावाचं यंत्र आहे. काठीच्या टोकावर बशी पालथी घातल्यासारखं दिसतं. तेही उपग्रहांवरच चालतं, पण त्याची युक्ती वेगळी. ज्या जागेचा ठावठिकाणा पक्का माहीत आहे तिथं एक यंत्र कायम उभं असतं. उपग्रहाचं आत्ता किती चुकतंय हे त्याला कळतं, आणि ती चूक ते रोव्हरला कळवत राहतं. म्हणजे रोजच्या रोज नव्हे, सेकंदासेकंदाला रिकन्सिलिएशन! त्यामुळं गोल्फचं घड्याळ दोन-चार मीटर इकडंतिकडं झालं तरी चालतं, पण रोव्हर दोन-चार सेंटिमीटरवर येतो.

हा मुलगा शेजारच्या प्लॉटच्या कामाला आला होता. मला बघून म्हणाला, "साहेब, यंत्र आणलंच आहे, तर तुमचंही बघून टाकू का? फुकट." फुकट या शब्दावर माझा विश्वास बसला तिथंच घात झाला. जुना नकाशा मी हौसेनं काढून दिला. तो बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला, मोबाइलवर काहीतरी बोटं फिरवली आणि जरा घुटमळून म्हणाला, "साहेब, बांध चार फूट पलीकडं गेलाय. त्यांच्याकडं."

"म्हणजे?"

"म्हणजे ही पेरूची ओळ त्यांच्या हद्दीत येते. पण काळजी करू नका. ही काही सरकारी मोजणी नाही. कायद्यानं हिला किंमत शून्य. मी कुणाला बोलणार नाही."

बांधाची लांबी दोनशे सत्तर फूट. मी तिथल्या तिथं हिशेब केला. दोनशे सत्तर गुणिले चार, एक हजार ऐंशी चौरस फूट. आपला गुंठा म्हणजे तेहतीस फुटी साखळीचा चौरस, एक हजार एकोणनव्वद चौरस फूट. म्हणजे एका गुंठ्याला नऊ चौरस फूट कमी. तेहतीस फूट म्हणजे अकरा यार्ड. त्या हिशेबानं बांध नव्वद यार्ड. गोल्फमध्ये नव्वद यार्ड हा अगदी किरकोळ टोला समजतात.

बँकेत हिशेबात फरक आला आणि त्याचं कारण सापडेना, तर ती रक्कम आम्ही तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकतो. मी ते चार फूट सस्पेन्समध्ये टाकले. सबबी काय कमी होत्या? बांध वडिलांनी आणि काकांनी मिळून घातलेला. पस्तीस वर्षं कुणी तक्रार केली नाही. मोजणी खासगी. शिवाय झाडं आम्ही वाढवली, पाणी आम्ही दिलं. शिवाय दादाकडं माझ्यापेक्षा जास्त जमीन आहे. (ही शेवटची सबब कुठल्याही कायद्यात बसत नाही, पण मनाला सगळ्यांत जास्त तीच पटते.)

त्याच सुमारास भाच्यानं फोनवर बॉबी जोन्सची गोष्ट सांगितली. १९२५ ची अमेरिकन ओपन स्पर्धा. जोन्स मारायला उभा राहिला आणि लांब गवतातला त्याचा चेंडू किंचित हलला. पंचांनी पाहिलं नाही, कुणीच पाहिलं नाही. हा स्वतःच म्हणाला, माझा चेंडू हलला, माझ्या नावावर एक टोला जादा लिहा. शेवटी त्याची विली मॅक्फार्लेनशी बरोबरी झाली आणि पुढच्या जादा खेळीत तो एका टोल्यानं हरला. तो जादा टोला लिहिला नसता तर बरोबरी झालीच नसती. लोकांनी त्याच्या प्रामाणिकपणाची वाहवा केली, तेव्हा तो वैतागून म्हणाला म्हणे, की बँक लुटली नाही म्हणून एखाद्याचं कौतुक करता का?

आता उदाहरण देताना त्याला बँकच आठवावी! मी बँकेतला माणूस. संध्याकाळी कॅश कमी भरली तर खिशातून भरतो, आणि जास्त भरली तर तीही मुकाट्यानं जादा म्हणून दाखवतो. वीस वर्षांत त्या जास्तीच्या नोटेकडं मी कधी वाकड्या नजरेनं पाहिलं नाही. आणि इथं एक हजार ऐंशी चौरस फूट खिशात घालून मी रोज कामावर जात होतो.

शेवटी मी माझ्या कॅडीला विचारायचं ठरवलं. म्हणजे आईला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "बांध तुझ्या वडिलांनी घातला. मग ते चोर होते का?"

याला उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. वडिलांकडं दोरी होती आणि पावलं होती. त्यांनी आणि काकांनी नजरेनं "साठ दांडू" म्हटलं, समोरच्याला पटलं, खेळ पुढं गेला. त्यात लबाडी नव्हती. मोजल्याशिवाय घातलेला बांध चुकीचा असेल, पण खोटा नव्हता. तो खोटा झाला तो मी मोजून गप्प बसलो त्या दिवसापासून. हे मी आईला माझ्या परीनं सांगितलं. ती म्हणाली, "मग जा आणि सांग. पण झाडं त्यांनी लावलीत, एवढंही सांग." आणि नंतर दोन दिवस ती माझ्याशी फारसं बोलली नाही. सल्ला दिला म्हणजे तो सल्ला कॅडीला आवडलेला असतोच असं नाही.

मी दादाकडं गेलो. चहा झाला, पावसाचं झालं, कारखान्याच्या निवडणुकीचं झालं. मग मी सांगितलं. दादानं मान खाली घालून ऐकलं आणि विचारलं, "कधी कळलं तुला?"

"तीन महिने झाले."

"म्हणजे बहार उतरल्यावर आलास होय!"

वाचकहो, इथं मी अडकलो. कारण ते खरं होतं. सस्पेन्स, बॉबी जोन्स, आईचा सल्ला हे सगळं होईपर्यंत त्या तेरा झाडांचे सव्वीस कॅरेट पेरू तोडून विकून झाले होते. मी मुद्दाम थांबलो होतो असं मला वाटत नाही. पण मी मुद्दाम थांबलो नव्हतो हेही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. हे मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही, आणि निघालं तर मी ते फुकटसुद्धा घेणार नाही.

"पैसे आणलेत," मी म्हणालो. दादा म्हणाला, "ते राहू दे. खत-पाणी तुझंच होतं. पुढच्या बहारापासून ती ओळ मी तोडीन. बांध हलवायच्या भानगडीत पडू नको, मुळं तुटतात." एवढंच. 'बांधवा, धन्य तुझी' वगैरे काही नाही. मला थोडं वाईट वाटलं. बँक न लुटल्याबद्दल कौतुक नको असं म्हणायला बॉबी जोन्स व्हावं लागतं. आम्हाला थोडं चालतं. घरी आल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं, "काय म्हणाले?" मी सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. तीन महिने झोपेत गुंठे मोजत होतात."

यंदा बहार आला आणि वहिनींनी टोपलीभर पेरू पाठवले. आमच्याच ओळीचे. चुकलो, त्यांच्या ओळीचे. आईनं एक उचलला, हुंगला आणि म्हणाली, "गोड आहेत." मग म्हणाली, "ह्यांच्या हातचे आहेत." यातले 'हे' म्हणजे कोण हे विचारायची गरज नव्हती.

त्याच रविवारी मी त्यातलेच दोन पेरू घेऊन दारात बसलो होतो. नगरकडून पदयात्रींचा एक घोळका आला. त्यातले एक सत्तरीचे आजोबा लंगडत मागं राहिले होते. त्यांनी विचारलं, "शिर्डी किती राहिली हो?"

'आलीच की' अगदी ओठांवर आलं होतं. पण मनगटावर भाच्याचं घड्याळ होतं. मैदान सोडून बाकी सगळं त्याला सापडतं. मी बघून म्हणालो, "पाच किलोमीटर आहे, बाबा."

मला वाटलं त्यांचा चेहरा पडेल. ते एकदम हुश्श करून पायरीवर बसले. "असं होय! मग बसतो जरा," ते म्हणाले. "सकाळपासून जो तो म्हणतोय 'आलीच, आलीच.' आलीच म्हणल्यावर बसायचं कसं? म्हणून बसलोच नाही."

त्यांनी पाणी घेतलं, पायाचा फडका सोडून पुन्हा नीट बांधला आणि दादाच्या ओळीतला एक पेरू सावकाश खाल्ला. मग काठी टेकून उठले आणि चालू लागले. मघापेक्षा जरा बरं चालत होते.